दीर्घ विश्रांतीनंतर घोड्याची मेहनत

आजार, दुखापत, हंगामाची सुटी किंवा नुसती मालकाची अडचण, अशा कारणाने काही महिने कामाबाहेर राहिलेल्या घोड्याला टप्प्याटप्प्याने पुन्हा सवारी, शर्यत किंवा ओढकामाच्या लायक करण्याची पद्धत. विश्रांती जितके महिने, साधारण तितकेच महिने मेहनतीला धरावेत, असा ढोबळ हिशोब सांगितला जातो. मात्र कुरणात मोकळा हिंडलेला घोडा आणि थानावर (तबेल्यातल्या जागेवर) बांधून ठेवलेला घोडा यांना एकच माप लावता येत नाही. दुसऱ्याला जास्त वेळ लागतो.

या कामातली खरी अडचण अशी, की घोडा तयार दिसतो फार लवकर. त्याच्या प्लीहेत (पोटातील रक्त साठवणाऱ्या अवयवात) तांबड्या रक्तपेशींचा मोठा साठा असतो आणि घोडा उत्तेजित होताच तो रक्तात उतरतो. त्यामुळे सहा महिने बसून असलेला घोडाही पहिल्याच दिवशी चौखूर उधळू शकतो. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत मेहनतीला साथ देऊ लागतात. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे), अस्थिबंध (हाडे एकमेकांना बांधणारे पट्टे) आणि हाडे यांना महिने लागतात. खूर तर महिन्याला जेमतेम ६ ते १० मिमी वाढतो. म्हणजे अंगात जोर आला आहे, पण पाय अजून कच्चे आहेत, असा एक मधला काळ येतोच. घाई महागात पडते ती याच काळात.

हाडांचे वागणे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ताण नसला की हाड हलके होत जाते. ताण परत आला की आधी जुना भाग झिजवला जातो आणि मग नवा भरला जातो. त्यामुळे मेहनत सुरू झाल्यावर काही काळ हाड उलट नाजूकच असते. कॅलिफोर्नियातील शर्यतीच्या घोड्यांवर १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात, दोन महिने किंवा अधिक काळ भरधाव मेहनतीविना राहून परतलेल्या घोड्यांमध्ये पुढच्या पायाची भुजास्थी (खांद्याखालचे हाड) मोडण्याचा धोका वाढलेला आढळला.

सुरुवात कदम चालीने, म्हणजे साध्या चालण्याने होते. सपाट, टणक पण दगडधोंडे नसलेल्या जमिनीवर आधी वीसेक मिनिटे, मग वाढवत तासाभरापर्यंत. हे तीन-चार आठवडे, लांब विश्रांती असेल तर सहा आठवडेही, चालते. कंटाळवाणे असल्याने लोक हाच टप्पा छाटतात, आणि छाटू नये असा टप्पाही हाच. त्यानंतर दुडकीचे (संथ धावण्याचे) छोटे तुकडे, मग चढण, मग कॅन्टर, म्हणजे दुडकी आणि भरधाव यांच्या मधली चाल. भरधाव सगळ्यात शेवटी. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवत नाहीत. लांब दोरीवर गोल फिरवणे सोयीचे वाटते, पण लहान वर्तुळात सांध्यांवर तिरका भार पडतो, म्हणून सुरुवातीला ते टाळलेले बरे.

प्रगती मोजायला नाडी पुरेशी आहे. विसाव्यातील घोड्याचे हृदय मिनिटाला साधारण २८ ते ४४ वेळा धडकते. काम थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ठोके ६० च्या आसपास उतरले नाहीत, तर त्या दिवशीचे काम जास्त झाले असे समजतात. एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या) शर्यतींच्या पशुवैद्यकीय तपासणीतही सहसा ६४ ही मर्यादा असते. रोज सकाळी पायांवरून हात फिरवून ऊब किंवा सूज पाहणे हेही तितकेच महत्त्वाचे.

चंदीबाबत, म्हणजे घोड्याच्या दाण्याबाबत, नियम सोपा आहे: आधी काम वाढते, मग चंदी. हरभरा, जव किंवा ओट आधीच वाढवून दिले आणि मग घोडा कामाला जुंपला, तर स्नायू आखडून घोडा जागीच खिळतो, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. अशा घोड्याला चालवू नये. पशुवैद्य येईपर्यंत उभा ठेवावा. रविवारी पूर्ण चंदी खाऊन उभ्या राहिलेल्या ओढकामाच्या घोड्यांत हा विकार सोमवारी दिसत असे.

महाराष्ट्रात विश्रांतीचा मोठा काळ पूर्वी पावसाळ्याचा असे. मराठ्यांचे घोडदळ पावसाळ्यात छावणीला राही आणि दसऱ्यानंतर मोहिमेवर निघे. चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात पाठवलेल्या पत्रात, साठवलेला दाणा-वैरण आधीच उधळली तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, अशी कडक ताकीद आहे. आज माथेरानच्या सवारीच्या घोड्यांचे वेळापत्रकही पावसावरच बेतलेले असते: गर्दी पावसाळ्यात ओसरते आणि दिवाळीच्या सुटीत एकदम उसळते. अशा ठिकाणी मेहनत दिवाळीच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवी.

कामाला लावण्यापूर्वी नालबंदी, दात, जंताचे औषध आणि धनुर्वाताची लस पाहून घेतात. खोगीरही नव्याने बसवून पाहावे लागते. पाठीचे स्नायू उतरलेले असल्याने जुने खोगीर कण्यावर टेकते, आणि मऊ पडलेली कातडी तंगाखाली (खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली) लगेच सोलवटते.

कंडरा दुखावलेल्या घोड्याची गोष्ट वेगळी. तिथे पूर्ण कामावर यायला ९ ते १२ महिने लागतात आणि पुढच्या टप्प्याचा निर्णय पशुवैद्य सोनोग्राफी पाहून घेतो; लंगडणे थांबले एवढ्यावरून तो घेता येत नाही, कारण कंडरा भरून येण्याच्या कितीतरी आधी घोडा सरळ चालू लागतो.