मनी प्लांट : बाटलीतल्या वेलीचा मागचा इतिहास

पाऊस लागला की कोल्हापुरात कुंपणावरच्या वेलींची छाटणी निघते. ताराबाई पार्क असो, राजारामपुरी असो की उपनगरातल्या नव्या कॉलन्या, छाटलेल्या ढिगात मनी प्लांट हमखास असतो. ढीग कचरागाडीच्या टिप्परमध्ये गेला तर ठीक. नाही तर तो मोकळ्या प्लॉटवर, ओढ्याकाठी किंवा फार्महाऊसच्या मागच्या उतारावर पडतो, आणि पावसाळ्यात तिथे तो वाळत नाही, रुजतो. घरातली सर्वात गरीब वेल म्हणून आपण जिला ओळखतो, तिच्याकडे जरा सावधपणे बघायला हवे. त्यासाठी ती आली कुठून आणि निरुपद्रवी कशी ठरली, हे माहीत असलेले बरे.

मूळची ती पॅसिफिक महासागरातल्या मोओरिआ बेटावरची. हे बेट ताहितीच्या शेजारी, फ्रेंच पॉलिनेशियात आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात उष्ण प्रदेशातली झाडे आणून काचगृहात वाढवायची आणि श्रीमंतांना विकायची, असा मोठा धंदा होता. बेल्जियमचे लिंडेन हे त्यातले मोठे नाव. लिंडेन आणि आंद्रे यांनी १८८० मध्ये या वेलीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले आणि तिला ‘पोथॉस ऑरियस’ म्हटले. १९०८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लर यांनी तिला सिंडॅप्सस या वंशात, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, टाकले. तिचे मूळ घर सॉलोमन बेटे आहे, असाही समज बरीच वर्षे होता.

हा सगळा गोंधळ एका कारणाने झाला, ते म्हणजे तिला फूलच येत नव्हते. वनस्पतीचा वंश ठरतो तो मुख्यतः फुलावरून. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात एका वेलीला फुले आली, तेव्हा कुठे तिची नीट तपासणी झाली, आणि १९६४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बंटिंग यांनी दिलेले ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ हे नाव आजही चालते. फूल का येत नाही, याचा उलगडा तर २०१६ मध्ये झाला. जिबरेलिन हे फुलोऱ्याला लागणारे संप्रेरक तयार करणारे एक जनुक या वेलीत काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर संशोधकांना तिच्यावर फुले आणता आली.

फूल नाही म्हणजे फळ नाही, बी नाही. मग ती पसरणार कशी? इथेच आपली फसगत होते. घरातली वेल हातात घेऊन पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो तिथे पाहा. त्या पेऱ्यावर तपकिरी रंगाचा एक टणक कोंब दिसेल. ते हवाई मूळ आहे. ओल मिळाली की ते लांबते आणि शेजारच्या डोळ्यातून नवा फुटवा निघतो. एक पेरे शाबूत असलेला बोटभर तुकडाही नव्या वेलीला पुरतो. म्हणजे बियांचे काम इथे छाटणीची कात्री करते, आणि जयंती नाल्यात पडलेला तुकडा पुढे पंचगंगेला जातो.

बाटलीतली वेल पाहून तिच्या खऱ्या आकाराचा अंदाज येत नाही. आपण पाहतो ती तिची बाल्यावस्था, पाने वीतभर. तिला मोठे झाड मिळाले की ती खोडाला मुळ्या रोवत वीस मीटरपर्यंत चढते, पाने मोठी होत जातात, कडांना फाटतात आणि एक मीटरपर्यंत लांब होऊ शकतात. खाली ती जमीन झाकून टाकते, त्यामुळे जंगलातल्या रोपट्यांना उजेड मिळत नाही. हवाई बेटांवर आणि फ्लोरिडात ती अशीच रानात शिरली आहे. श्रीलंकेत कँडी शहराला लागून असलेल्या उडवत्तकेले या राखीव जंगलातही तिने बस्तान बसवले आहे. मला श्रीलंकेचे उदाहरण जास्त जवळचे वाटते. उष्ण, दमट हवा, भरपूर पाऊस आणि वस्तीला खेटून जंगल, हे सगळे गगनबावडा, आंबा घाट, राधानगरीकडे आहे. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, आणि त्या वाटेवर रिसॉर्ट नि फार्महाऊस वाढत आहेत. त्यांच्या बागांत शोभेला काय लावले जाते, याची मला खरोखर काळजी वाटते.

आता विषाबद्दल. मनी प्लांट अळूच्या कुळातला आहे. अळू, सुरण नीट शिजले नाही की घसा खाजतो, म्हणून आपण फतफद्यात चिंच घालतो. त्या खाजेमागे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तेच स्फटिक मनी प्लांटच्या पानात आणि खोडात आहेत. पान चावले की त्या सुया जिभेत, हिरड्यांत, घशात टोचतात. आग होते, लाळ गळते, ओठ सुजतात. सहसा जीव जात नाही, पण रांगणाऱ्या बाळाचा घसा सुजला तर श्वासाला अडथळा येऊ शकतो, म्हणून ही बाब हलक्यात घेण्यासारखी नाही. कुत्र्या-मांजरांनाही हाच त्रास होतो. बाळाने पान चावले तर तोंडातले तुकडे काढावेत, तोंड पाण्याने पुसून घ्यावे, उलटी मुद्दाम काढू नये. सूज वाढली किंवा गिळायला, श्वासाला त्रास झाला तर थेट सीपीआर (कोल्हापूरचे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचे हॉस्पिटल गाठावे. चीक डोळ्यात गेला तर डोळा भरपूर पाण्याने धुवावा.

इतके असून ती घरोघरी पोहोचली, कारण तिच्याभोवती चांगल्याच गोष्टी जमा झाल्या. चोरून आणलेला मनी प्लांट जास्त फळतो म्हणतात, वास्तुशास्त्रवाले आग्नेय कोपरा सांगतात. त्यात १९८९ मध्ये नासाचा बंद पेटीतला प्रयोग आला आणि ‘हवा शुद्ध करणारी वेल’ ही ख्याती झाली. २०१९ च्या एका फेरआढाव्याने त्यावर पाणी फिरवले. उघड्या खिडकीइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे ठेवावी लागतील, असा तो हिशेब होता. जाहिरातीत मात्र नासा अजून आहेच.

शोभेला आणलेल्या झाडाने नंतर डोक्यावर बसावे, हे आपल्याला नवे नाही. पंचगंगेतले केंदाळ आणि डोंगरउतारावरची घाणेरी, दोन्ही अमेरिका खंडातली, दोन्ही शोभेची म्हणून भारतात आलेली. आणि हा प्रवास एकाच दिशेचा नाही. आपली माधवीलता मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर जंगलाला विळखा घालून बसली आहे. श्रावणात आपल्याकडच्या डोंगरांवर फुलणारी कळलावी, जिच्या कंदातले कोल्चिसिन माणसाचा जीव घेऊ शकते, ती ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर तण झाली आहे.

घरातला मनी प्लांट उपटून टाकण्याची गरज नाही. तो कुंडीत किंवा बाटलीत, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंचावर ठेवावा आणि आवारातल्या झाडावर चढू देऊ नये. छाटलेले तुकडे ओलेच खतखड्ड्यात टाकू नयेत, तिथेही ते फुटतात. गच्चीवर पत्र्यावर पसरून पेरे पिचून कुरकुरीत होईपर्यंत उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात ऊन नसेल तर काळ्या पिशवीत घट्ट बांधून ते कुजेपर्यंत ठेवावेत आणि मगच टिप्परमध्ये द्यावेत.