स्पॅनिश बाइक्स गेल्या कुठे? मोंतेसा, बुल्ताको, ओसा यांची पार्श्वभूमी

मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल रेसिंगची सगळ्यात वरची जागतिक स्पर्धा, बघणाऱ्या कुणालाही मार्केझ, लोरेन्झो, पेद्रोसा ही नावं तोंडपाठ असतात, ग्रिडवर स्पॅनिश रायडर्सची गर्दीच असते म्हणा ना, पण हे सगळे जिंकत आलेत ते होंडा, यामाहा नाहीतर डुकाटीवर. मग स्पेनची स्वतःची बाइक कुठेय? होती, आणि एक-दोन कंपन्या नव्हत्या, चांगल्या डझनभर होत्या, त्यातल्या बऱ्याच बार्सिलोनाच्या आसपासच.

सुरुवात समजायची तर 1940 च्या दशकातला स्पेन डोळ्यासमोर आणावा लागतो. यादवी युद्ध नुकतंच संपलेलं, फ्रँकोची हुकूमशाही, बाहेरून माल आणायला जवळपास बंदी, पेट्रोलची बोंब. पेरे पेरमान्येर नावाचा माणूस तेव्हा ट्रक लाकूड-कोळशाच्या गॅसवर चालावेत म्हणून लागणारी यंत्रं बनवत होता, त्याला पाको बुल्तो हा बाइकवेडा इंजिनियर भेटला आणि 1945 मध्ये दोघांनी मोंतेसा उभी केली. पहिली गाडी 98 सीसीची टू-स्ट्रोक, फ्रेंच मोटोबेकानवरून उचललेली. टू-स्ट्रोकच का, तर पार्ट कमी, बनवायला सोपी, दुरुस्ती कुणीही करतो. त्याच काळात सिनेमाचे प्रोजेक्टर बनवणारी ओसा बाइककडे वळली, सायकलवाली देर्बी वळली, सांग्लास मात्र फोर-स्ट्रोक मोठ्या गाड्या करायची ज्या पोलिसांकडे दिसायच्या. बाहेरची स्पर्धा नाही, त्यामुळे बनेल ते विकलं जायचं. आपल्याकडे लायसन्स राजमध्ये स्कूटरला नंबर लावून बसायचे, तसलंच बंदिस्त मार्केट.

पण 1957 ला सेआत 600 ही छोटी कार आली आणि फॅमिलीवाला गिऱ्हाईक हळूहळू तिकडे सरकायला लागला. धंदा मंदावला तसं पेरमान्येर म्हणाला रेसिंगचा खर्च बंद करू. बुल्तोला हे पटणं शक्यच नव्हतं, चेकर्ड फ्लॅग जिंकला, म्हणजे रेस मारली, की गिऱ्हाईक आपोआप मागे येतं हे त्याचं ठाम मत, आणि 1958 मध्ये त्याने मोंतेसा सोडली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा वळणाचा क्षण हाच, कारण रेसिंग डिपार्टमेंटमधली माणसंही त्याच्या पाठोपाठ बाहेर पडली आणि बुल्ताको जन्माला आली. 1959 ला पहिली गाडी त्राया 101 बाजारात. कंपनीच्या लोगोत वर केलेला अंगठा आहे, तो बुल्तोने एका ब्रिटिश रेसरला पिटमधल्या लोकांना ‘सगळं ठीक’ अशी खूण करताना बघितलं होतं त्यावरून.

आता जे सांगणार आहे ते माझ्या फार आवडीचं. ट्रायल नावाचा प्रकार असतो, त्यात स्पीडला किंमत नाही, ओढे, दगडगोटे, चढ यातून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकवला की दंडाचा पॉइंट बसतो. 1964 पर्यंत हा खेळ म्हणजे ब्रिटिशांची मक्तेदारी आणि त्यांचा बादशहा सॅमी मिलर, एरियल या ब्रिटिश कंपनीच्या 500 सीसीच्या धिप्पाड फोर-स्ट्रोकवर. बुल्तोने त्यालाच बार्सिलोनाला बोलावलं आणि गाडी त्याच्या मनासारखी करायला दिली. मिलर दिवसभर दगडांवर चालवायचा, मग फ्रेम बदलून घ्यायचा, इंजिनला अगदी खालच्या आरपीएमला ओढ हवी म्हणून पुन्हा खोलायला लावायचा, आणि अवघ्या काही दिवसांत 250 सीसीची, साधारण 90 किलोची शेर्पा टी तयार झाली. 1965 ला त्याने तीच घेऊन स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली, टू-स्ट्रोकने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ, आणि जड ब्रिटिश ट्रायल गाड्यांचा जमाना तिथेच संपत आला. मग मोंतेसाने 1968 ला कोता आणली, ओसाने मिक अँड्र्यूजला घेऊन 1970 ते 72 सलग तीनदा स्कॉटिश मारली. 1975 ला ट्रायलची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली तर पहिली पाचही वर्षं टायटल बुल्ताकोकडे!

रोड रेसिंगमध्ये देर्बीवर आंखेल निएतोने 1969 ला 50 सीसीचं टायटल घेतलं, पुढे एकूण 13 झाली पण तेरा हा आकडा तो उच्चारायचाच नाही, ‘12+1’ म्हणायचा. ओसाची गोष्ट मात्र दुःखाची आहे, त्यांच्या मोनोकॉक (वेगळी फ्रेम नाही, बाहेरचं कवचच सगळा भार घेतं अशी) 250 वर सान्तियागो हेरेरो मोठमोठ्या टीमना घाम फोडत होता आणि 1970 ला आइल ऑफ मॅनवरच्या रेसमध्ये पडला आणि जिवानिशी गेला. ओसाने रोड रेसिंग सोडूनच दिलं.

उतरण सत्तरच्या दशकात लागली. अमेरिकेत ऑफ-रोडवाले स्पॅनिश गाड्या आवडीने घ्यायचे, 1973 ला जिम पोमरॉय बुल्ताकोवर मोटोक्रॉस (मातीच्या खडबडीत ट्रॅकवरची रेस) ग्रांप्री जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला, पण जपानी गाड्या स्वस्त आणि जास्त भरवशाच्या होत्या, तिथे टिकाव लागणं कठीण. 1975 ला फ्रँको गेला, दाबून ठेवलेले कामगार संपावर उतरले, आणि त्यांची बाजू चुकीची होती असं मला अजिबात वाटत नाही, पण कंपन्यांच्या तिजोऱ्या आधीच रिकाम्या होत्या. बुल्ताको 1979 ला थांबली, परत चालू झाली आणि 1983 ला कायमची बंद. ओसाही त्याच सुमारास. सांग्लास यामाहाने गिळली, मोंतेसा होंडाकडे गेली, देर्बी 2001 ला पियाजिओने घेतली आणि पुढे तिथला कारखानाही बंद केला. बंद मार्केटमध्ये वाढलेल्यांना दार उघडल्यावर वारा सोसला नाही, एवढं साधं कारण नाही, पण मोठं कारण तेच.

टिकलं ते ट्रायल. बुल्ताको-ओसा बुडाल्यावर लगेचच 1985 ला जिरोना भागात गॅस गॅस सुरू झाली आणि 1993 ते 95 जोर्दी तारेस तिच्यावर चॅम्पियन. मोंतेसा कोता आजही बनते, स्पॅनिश रायडर टोनी बोऊने 2007 ते 2025 सलग दरवर्षी ट्रायलचं आउटडोअर वर्ल्ड टायटल मोंतेसावरच जिंकलंय. गॅस गॅस नंतर ऑस्ट्रियाच्या केटीएमकडे गेली, आणि केटीएम आर्थिक संकटात सापडल्यावर 2025 मध्ये केटीएमचाच ताबा आपल्या पुण्याच्या बजाजने घेतला.