खुडूक कोंबडी नव्या जागी बसवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून उबवणीची अंडी किंवा लाकडी पेटी नेणाऱ्या ग्राहकांकडून एक तक्रार वारंवार येते. कोंबडी जुन्या जागी घट्ट बसली होती, पण नव्या पेटीत ठेवल्याबरोबर उठून गेली आणि अंडी गार पडली. अशा वेळी बहुतेकदा अंड्यांमध्ये काही खोट नसते आणि कोंबडीतही नसते. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीचा जीव अंड्यांपेक्षा जागेत अधिक गुंतलेला असतो. अंडी उचलून चार हातांवर ठेवली तरी ती रिकाम्या जुन्या जागेवरच परत येऊन बसते. म्हणून नवी जागा आधी तिची होऊ द्यावी आणि मगच खरी अंडी तिच्या स्वाधीन करावीत, ही या पत्रकातील मुख्य सूचना आहे.

कोंबडी खरोखर खुडूक आहे का

एखादी दुपार खुराड्यात बसून काढणारी प्रत्येक कोंबडी खुडूक नसते. खुडूक कोंबडी अंडी घालणे थांबवते, रात्रीही दांडीवर न चढता घरट्यातच राहते, हात जवळ नेला की पिसे फुलवून खुडखुडते आणि टोचते. तिच्या छातीखाली हात घातला तर पिसे गळून उघडी पडलेली, चांगली गरम त्वचा हाताला लागते. हीच त्वचा अंड्यांना थेट ऊब देते. दिवसातून एकदाच उठत असल्याने तिची शीट एरवीपेक्षा मोठी आणि उग्र वासाची असते, त्यामुळे ती आजारी आहे असे समजू नये. ही लक्षणे सलग दोन-तीन दिवस दिसल्याशिवाय तिला हलवू नये.

जागा आणि पेटी

इतर कोंबड्यांच्या वाटेवर असलेली जागा उबवणीला चालत नाही. दुसरी कोंबडी त्याच घरट्यात अंडी घालते, दोघींची ओढाताण होते, अंडी फुटतात, आणि रोज नवे अंडे मिसळत गेल्याने कोणत्या अंड्यातून पिल्लू कधी निघेल याचा हिशेबच राहत नाही. पेटी आडोशाला, जमिनीलगत, कमी उजेडाच्या आणि पाऊस किंवा ऊन थेट न लागणाऱ्या ठिकाणी ठेवावी. आतली जागा साधारण 35 ते 40 सेंटिमीटर लांब-रुंद असावी आणि पुढे सुमारे 10 सेंटिमीटरची आडवी पट्टी असावी, म्हणजे अंडी बाहेर घरंगळत नाहीत. तळाशी मातीचा थर पसरून मुठीने मधोमध उथळ खळगा करावा आणि कोपरे भरून घ्यावेत. त्यावर कोरडा, बुरशी नसलेला पेंढा अंथरावा. खळगा फार खोल झाला तर अंडी एकमेकांवर चढतात आणि सपाट राहिला तर कडेची अंडी उघडी पडतात. यासाठी वेळ घ्यावा, कारण पुढे तीन आठवडे त्याला हात लावता येणार नाही.

कोंबडी पेटीत ठेवण्यापूर्वी पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी उवा किंवा माइट (रक्त शोषणारे बारीक किडे) आहेत का ते पाहावे आणि असल्यास आधीच उपचार करावेत. किडीने हैराण झालेली कोंबडी, कितीही खुडूक असली तरी, मध्येच घरटे सोडते.

हलवण्याची रात्र

कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही, त्यामुळे पूर्ण काळोख पडल्यावरच तिला हलवावे. पेटीत आधी तीन-चार लाकडी किंवा चिनी मातीची अंडी ठेवावीत. मग मंद उजेडात, कोणाशी न बोलता, दोन्ही हात समोरून तिच्या पोटाखाली सरकवावेत, पंख अंगाशी धरून सावकाश उचलावे आणि पेटीत तिच्या छातीला नकली अंड्यांचा स्पर्श होईल अशा बेताने ठेवावे. एखादे अंडे पंखाखाली अडकून सोबत येत नाही ना, हे उचलताना पाहावे. लगेच पुढची बाजू पोत्याने झाकावी, पण हवा खेळती राहू द्यावी. थोडा वेळ ती उभीच राहते. मग चोचीने एक अंडे आत ओढते, डावी-उजवीकडे अंग हलवत पिसे पसरते आणि खाली बसते. हे दिसले की तेथून निघून यावे.

दुसऱ्या दिवशी पोते सकाळी एकदम काढू नये. दाणा-पाण्यासाठी एकदाच, वीस-तीस मिनिटे, जुनी जागा दिसणार नाही अशा बेताने तिला बाहेर सोडावे आणि ती स्वतःहून नव्या पेटीत परतते का ते पाहावे. जुने घरटे या काळात बंद ठेवणे आवश्यक आहे. पहिल्या दिवशी ती गोंधळली तर उचलून पुन्हा पेटीत ठेवावी. सलग दोन दिवस ती आपल्या पायांनी परतली, तर जागा तिची झाली असे समजावे. तोपर्यंत आमच्याकडून अंडी नेऊ नयेत, अशी आमची मनापासून विनंती आहे. विक्री दोन दिवस लांबली तरी चालेल, पण चांगली अंडी वाया गेलेली आम्हाला पाहवत नाहीत.

खरी अंडी

दूरवरून आणलेली अंडी निमुळते टोक खाली ठेवून एक दिवस स्थिर राहू द्यावीत, धुऊ नयेत आणि शक्यतो सात दिवसांपेक्षा जुनी वापरू नयेत. मध्यम बांध्याच्या कोंबडीला आठ ते बारा अंडी पुरेशी होतात. लहान कोंबडीला त्याहून कमी द्यावीत. सर्व अंड्यांवर पेन्सिलीने खूण करून ती एकाच रात्री तिच्याखाली सरकवावीत आणि नकली अंडी काढून घ्यावीत. एकाच वेळी ऊब मिळाली तरच पिल्ले एकाच वेळी निघतात.

पुढचे 21 दिवस कोंबडीच सांभाळते. अंडी फिरवण्याचे कामही ती स्वतः करते, आपण त्यात पडू नये. रोज अख्खे धान्य आणि ताजे पाणी जवळ ठेवावे. ती तासभर बाहेर राहिली आणि अंडी गार लागली, तरी ती टाकून देऊ नयेत, कारण थोड्या वेळाच्या गारव्याने गर्भ मरतोच असे नाही. सातव्या-आठव्या रात्री अंड्यामागे टॉर्च धरावा. वाढणाऱ्या अंड्यात मधला गडद ठिपका आणि त्यातून फाकलेल्या तांबड्या शिरा दिसतात. स्वच्छ दिसणारी वांझ अंडी काढून टाकावीत.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. कवचाला पहिली भेग पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत अनेकदा 12 ते 24 तास लागतात. कवच सोलून मदत केल्यास आतील शिरांतून रक्तस्राव होऊन पिल्लू दगावू शकते. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्ले पहिला दिवस निभावतात, म्हणून दाण्याची घाई नसते. पाण्याचे भांडे मात्र उथळ असावे आणि त्यात स्वच्छ खडे घालावेत, नाहीतर पिल्ले त्यात बुडतात. कोंबडी पिल्ले घेऊन उठली की न फुटलेली अंडी आणि जुना पेंढा त्याच दिवशी दूर करावा, पेटी धुऊन कडक उन्हात वाळवावी आणि पुढच्या उबवणीपर्यंत कोरड्या जागी पालथी ठेवावी.