क्रीड (२०१५ चा चित्रपट)

अमेरिकन मुष्टियुद्धपट. ‘रॉकी’ मालिकेतला सातवा आणि तिच्यातून निघालेल्या ‘क्रीड’ या शाखेतला पहिला. दिग्दर्शक रायन कूगलर. पटकथा कूगलर आणि एरन कव्हिंग्टन यांची. २५ नोव्हेंबर २०१५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित. मायकल बी. जॉर्डन (अडोनिस जॉन्सन), सिल्व्हेस्टर स्टॅलोन (रॉकी बॅल्बोआ), टेसा थॉम्पसन (बियांका), फिलिशिया रशाद (मेरी ॲन क्रीड) आणि टोनी बेल्यू (रिकी कॉनलन) यांच्या प्रमुख भूमिका. एखाद्या मालिकेचा सातवा भाग येतो म्हटल्यावर जाणता प्रेक्षक फारशी आशा धरत नाही. पण १९७६ च्या मूळ ‘रॉकी’चे नाव निघाले की त्याच दमात घ्यावा असा या मालिकेतला एखादा भाग असेल, तर तो हाच. आधीच्या भागांची उजळणी करत बसण्याऐवजी त्यांत जे घडले ते खरेच घडले होते असे धरून हा चित्रपट चालतो; त्या घटनांची झळ ज्या घराला लागली त्या घरात जाऊन पाहतो.

मालिकेची वाटचाल

चक वेपनर नावाच्या फारशा प्रसिद्ध नसलेल्या मुष्टियोद्ध्याने २४ मार्च १९७५ रोजी ओहायो राज्यात महंमद अलीसमोर पंधराव्या फेरीपर्यंत तग धरला. ती लढत पाहून स्टॅलोनने ‘रॉकी’ लिहिला. सुमारे १० लाख डॉलरांत बनलेल्या त्या चित्रपटाला ऑस्करची १० नामांकने आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ३ पुरस्कार मिळाले. त्याचा नायक रॉकी जगज्जेत्या अपोलो क्रीडविरुद्धची शेवटची लढत गुणांवर हरतो, आणि आपण हरलो याचे त्याला सोयरसुतकही नसते. पुढच्या भागांना मात्र जिंकण्याची चटक लागली. १९७९ च्या भागात रॉकी अपोलो क्रीडला हरवून जगज्जेता होतो, १९८२ च्या भागात अपोलोच त्याला शिकवतो, आणि १९८५ च्या चौथ्या भागात लास व्हेगासच्या एका प्रदर्शनीय सामन्यात सोव्हिएत मुष्टियोद्धा इव्हान ड्रागोच्या ठोशांनी अपोलो रिंगमध्येच मरतो. त्या चित्रपटात हा मृत्यू म्हणजे रॉकीला मॉस्कोला धाडण्यासाठी केलेली सोय होती. अपोलोला पुरले, दोन गाणी झाली, की बर्फातला सराव सुरू. १९९० चा पाचवा भाग फसला. २००६ च्या ‘रॉकी बॅल्बोआ’मध्ये विधुर, वयस्क रॉकी पुन्हा एकदा गुणांवर हरला आणि मालिकेला बऱ्यापैकी सन्मानाने निरोप मिळाला. तिथेच थांबले असते तरी कोणाची तक्रार नव्हती.

निर्मिती

कूगलर ओकलंडचा, जन्म १९८६ चा. म्हणजे पहिला ‘रॉकी’ आला त्यानंतर दहा वर्षांनी जन्मलेला. त्याच्या वडिलांना दुसरा ‘रॉकी’ इतका प्रिय की मुलाच्या महत्त्वाच्या सामन्यांआधी ते त्याला तो दाखवत. पुढे वडिलांना स्नायू दुबळे करणारा आजार झाला. आपल्या धडधाकट बापाला असे खचताना पाहून कूगलरला वडिलांच्या या लाडक्या नायकाची गोष्ट सुचली: रॉकी आजारी पडला तर? पहिला चित्रपट ‘फ्रूटव्हेल स्टेशन’ (२०१३) पूर्ण होण्याआधीच ही कल्पना त्याच्या डोक्यात होती. स्टॅलोन सुरुवातीला राजी नव्हता. २००६ मध्ये नीट बंद केलेले दार पुन्हा कशाला उघडायचे, ही त्याची शंका रास्तच होती. तो अखेर तयार झाला. मालिकेत पहिल्यांदाच पटकथा त्याच्या हातची नव्हती आणि दिग्दर्शनही त्याचे किंवा मूळ दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसनचे नव्हते.

छायालेखन मरीस अल्बर्टी हिचे. माहितीपटांतून आलेल्या या छायालेखिकेने त्याआधी ‘द रेसलर’ (२००८) चित्रित केला होता, त्यामुळे घाम, उघडे दिवे आणि जुनाट व्यायामशाळांची कळकट भिंत तिला परकी नव्हती. संगीत लुडविग योरानसनचे.

कथानक

१९९८. लॉस एंजेलिसच्या बालसुधारगृहात मारामारी करणाऱ्या एका पोराला भेटायला अपोलोची विधवा मेरी ॲन येते. पोर तिच्या नवऱ्याचे, पण तिचे नाही. अपोलोच्या विवाहबाह्य संबंधातून झालेले, आणि त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेले. ती त्याला घरी नेते. मोठा झाल्यावर अडोनिस एका वित्तसंस्थेत चांगल्या पगारावर काम करतो आणि आठवड्याच्या सुट्टीत सीमेपलीकडे तिजुआनाला जाऊन गुपचूप लढती जिंकतो. बढती मिळते त्याच वेळी तो राजीनामा देतो. लॉस एंजेलिसमध्ये कोणी शिकवायला तयार नाही. तिथल्या व्यायामशाळेत आपल्याला मारून दाखवणाऱ्याला गाडी देईन अशी पैज तो लावतो आणि एका खऱ्या व्यावसायिकाच्या ठोशाने आडवा होऊन गाडी गमावतो. मग फिलाडेल्फिया, आणि पत्नीच्या नावाने हॉटेल चालवणारा, या धंद्याकडे पाठ फिरवलेला रॉकी. शेजारच्या मजल्यावर बियांका ही गायिका-संगीतकार राहते. तिची ऐकण्याची शक्ती दिवसेंदिवस कमी होत चालली आहे. ती पूर्ण जायच्या आत जेवढे संगीत करता येईल तेवढे करायचे, हा तिचा सरळ हिशेब आहे.

अडोनिस अपोलोचा मुलगा आहे ही बातमी फुटते. त्याच सुमारास इंग्लंडचा अपराजित विजेता कॉनलन, ज्याला बेकायदा शस्त्रापायी तुरुंगात जावे लागणार आहे, शेवटची मोठी कमाई करून देईल असा प्रतिस्पर्धी शोधत असतो. त्याच्या व्यवस्थापकाची अट एकच: पोराने ‘क्रीड’ आडनावाने उतरायचे. तयारी चालू असताना रॉकीला कर्करोग, नॉन-हॉजकिन लिम्फोमा, असल्याचे निघते. पत्नी एड्रियनला याच उपचारांनी काही लाभले नव्हते, म्हणून तो नकार देतो. अडोनिस त्याच्याशी भांडतो. अखेर दोघे आपापली लढाई एकत्र लढायचे ठरवतात.

वारशाचा वापर

चित्रपटातला सर्वांत बोलका प्रसंग सुरुवातीलाच आहे, आणि त्यात संवाद नाहीत. रात्री आपल्या खोलीत अडोनिस भिंतीवर रॉकी आणि अपोलोची जुनी लढत लावतो, उठून पडद्यासमोर उभा राहतो आणि हवेत ठोसे मारू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, पोरगा बापाच्या हालचाली गिरवतोय. नीट पाहिले तर तो रॉकीच्या जागी उभा आहे, आणि ठोसे बापाच्या तोंडावर पडतायत. ज्याला कधी पाहिलेच नाही, ज्याने आपल्याला नावही दिले नाही, त्याच्याविषयीचा राग आणि ओढ या एका प्रसंगात येऊन जाते. चौथ्या भागातला तो सोयीचा मृत्यू तीस वर्षांनी इथे पहिल्यांदा दुःख म्हणून भेटतो.

जुन्या गोष्टींचा असा वापर चित्रपटभर आहे, पण हात आखडता ठेवून. तिसऱ्या भागाच्या शेवटी रॉकी आणि अपोलोने बंद दाराआड लढलेल्या सामन्यात कोण जिंकले, हे १९८२ पासून गुलदस्त्यात होते; अडोनिस विचारतो आणि रॉकी एका वाक्यात सांगून मोकळा होतो: अपोलो. रॉकीच्या घरात त्याचा लहान मुलासोबतचा फोटो दिसतो. तो स्टॅलोनचा आणि त्याचा मुलगा सेज याचा खराखुरा फोटो आहे. सेजने पाचव्या भागात रॉकीच्या मुलाची भूमिका केली होती. २०१२ मध्ये तो वारला. चित्रपट यावर अवाक्षर काढत नाही. मूळ ‘रॉकी’तली बिल कॉन्टीची जगप्रसिद्ध धून योरानसन जवळजवळ पूर्ण चित्रपटभर दाबून ठेवतो, फक्त शेवटच्या फेरीसाठी सोडतो. इतका वेळ वाट पाहायला लावल्यावर ती ऐकताना अंगावर काटा येतो.

शेवटची लढतही मूळ चित्रपटाच्या शहाणपणाकडे परतते. अडोनिस हरतो, गुणांवर, पंचांच्या विभागलेल्या निर्णयाने. बाराव्या फेरीआधी रॉकी लढत थांबवायला निघतो. तुझ्या बापाच्या वेळीच थांबवायला हवे होते, हे ओझे तो किती वर्षे वाहतोय ते तेव्हा कळते. त्यावर अडोनिस जे सांगतो तेच या चित्रपटाचे मर्म: मला सिद्ध करायचे आहे, की माझा जन्म ही चूक नव्हती.

रिंगमधील चित्रण

जुन्या भागांतल्या लढती म्हणजे हातघाई. बचावाला हात वर नाहीत, प्रत्येक ठोसा तोंडावर, आणि तरी दोघेही उभे. मुष्टियुद्धाच्या जाणकारांनी त्यावर पूर्वीपासून हसून घेतले आहे. ‘क्रीड’मध्ये लिओ स्पोरिनो या स्थानिक मुष्टियोद्ध्याबरोबरची लढत एका सलग शॉटमध्ये आहे: दोन फेऱ्या, मधला विसावा, आणि निकाल, सगळे मिळून सुमारे साडेचार मिनिटे, कुठेही कट नाही. एरवी संकलनाच्या जोरावर चुकलेला ठोसाही लागलेला दाखवता येतो. इथे ती पळवाट नाही. कॅमेरा स्टेडिकॅमवर (चालत्या माणसाच्या अंगावर बांधूनही चित्र हलू न देणारे साधन), दोघांच्या मधे, कधी खांद्यामागे, कधी हनुवटीखाली. विसाव्याच्या मिनिटात तो कोपऱ्यात येऊन रॉकीचा सल्ला ऐकतो आणि घंटेबरोबर पुन्हा आत शिरतो. स्पोरिनो झालेला गॅब्रिएल रोसाडो हा खरा व्यावसायिक मुष्टियोद्धा. यात एक गंमत अशी की, गॅरेट ब्राउनने शोधलेले हे स्टेडिकॅम तंत्र ज्या सुरुवातीच्या चित्रपटांनी गाजवले त्यांत पहिला ‘रॉकी’ होता. फिलाडेल्फिया कलासंग्रहालयाच्या ७२ पायऱ्यांवरची रॉकीची धाव त्याच कॅमेऱ्याची.

अंतिम लढत लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क या एव्हर्टन क्लबच्या त्या वेळच्या मैदानावर घडते. जानेवारी २०१५ मध्ये एव्हर्टन विरुद्ध वेस्ट ब्रॉमविच या खऱ्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात तिथल्या गर्दीचे चित्रण केले गेले. कॉनलन झालेला बेल्यू स्वतः लिव्हरपूलचा, एव्हर्टनचा कट्टर चाहता आणि त्या काळी व्यावसायिक मुष्टियोद्धा. २९ मे २०१६ रोजी त्याच मैदानावर इलुंगा मकाबूला हरवून तो क्रूझरवेट वजनगटाचा खराखुरा जगज्जेता झाला. पटकथाकाराने असे लिहिले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता.

ही लढत मात्र एका शॉटच्या लढतीइतकी जमलेली नाही. इथे पुन्हा सुजलेला डोळा, मंदगती आणि तोंडावर ठोसे आहेत. कॉनलनचे पात्रही कमजोर. त्याच्या घरच्या अडचणी एका-दोन वाक्यांत उरकल्या आहेत आणि पटकथेला खलनायक हवा म्हणून तो उद्धट आहे, एवढेच. चौथ्या भागातल्या ड्रागोबद्दलही हेच म्हणता येईल, पण तो निदान लक्षात राहतो.

रॉकीची भूमिका

प्रशिक्षणाच्या प्रसंगांत रॉकी आपल्याकडच्या तालमीतल्या जुन्या वस्तादासारखा वागतो: कमी बोलायचे, काम सांगायचे, कौतुक राखून करायचे. पहिल्या भेटीत तो अडोनिसला व्यायाम कागदावर लिहून देतो. पोरगा मोबाइलवर कागदाचा फोटो काढतो आणि कागद तिथेच सोडून निघतो. फोन हरवला तर, असे रॉकी विचारतो. क्लाउडमध्ये आहे, असे उत्तर येते, आणि रॉकी मान वर करून आभाळाकडे बघतो. स्टॅलोनने एवढा साधा, एवढा नेमका अभिनय कितीतरी वर्षांत केला नव्हता. स्मशानात खुर्ची टाकून एड्रियन आणि मेहुणा पॉली यांच्या थडग्यांसमोर वर्तमानपत्र वाचणारा, केस गळायला लागल्यावर टोपी चढवणारा हा रॉकी पूर्ण चित्रपटात कोणाला एक ठोसाही मारत नाही.

फिलाडेल्फिया आणि कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे

मूळ मालिकेवर एक जुना आक्षेप आहे. फिलाडेल्फियाचा खरा जगज्जेता जो फ्रेझर. कसाईखान्यात लटकलेल्या मांसावर ठोसे मारणे ही मूळची त्याच्या आयुष्यातली गोष्ट. चित्रपटात ती गोऱ्या रॉकीच्या नावावर जमा झाली, आणि गर्विष्ठ, बडबड्या विजेत्याची भूमिका काळ्या अपोलोकडे गेली. रॉकीचा पुतळा १९८० च्या दशकापासून शहरात उभा आहे. फ्रेझरचा पुतळा उभा राहायला सप्टेंबर २०१५ उजाडला, तो जाऊन चार वर्षे झाल्यावर. ‘क्रीड’ त्यानंतर दोन महिन्यांनी आला. कूगलरने याविषयी भाषण कुठेच घातलेले नाही. त्याने कॅमेरा फक्त दुसऱ्या घराच्या दारात ठेवला, आणि सरावाच्या धावेत कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांऐवजी उत्तर फिलाडेल्फियाचे रस्ते निवडले, जिथे मोटारसायकली उडवणारी वस्तीतली पोरे अडोनिसच्या मागे धावतात. पायऱ्या शेवटी येतात, पण तेव्हा धाप लागलेल्या म्हाताऱ्याला हात देऊन वर नेण्यासाठी.

प्रतिसाद आणि पुढचे भाग

चार कोटी डॉलरांच्या आतबाहेर खर्च झालेल्या या चित्रपटाने जगभरात १७ कोटी डॉलरांहून अधिक कमावले. जानेवारी २०१६ मध्ये स्टॅलोनला सहायक अभिनेत्याचे गोल्डन ग्लोब मिळाले. व्यासपीठावरून आभार मानताना कूगलर आणि जॉर्डन यांची नावे मात्र राहून गेली, आणि ते बऱ्याच जणांना खटकले. ऑस्करमध्येही चित्रपटाला एकमेव नामांकन स्टॅलोनचेच. रॉकीसाठीच त्याला १९७७ मध्ये मुख्य अभिनेत्याचे नामांकन होते. ३९ वर्षांनी त्याच पात्रासाठी दुसरे. पुरस्कार ‘ब्रिज ऑफ स्पाइज’साठी मार्क रायलन्सला गेला. अभिनयाच्या वीसही नामांकनांत एकही कृष्णवर्णीय कलावंत नसल्याचा सलग दुसऱ्या वर्षीचा वाद तेव्हा पेटलेला होता, आणि जॉर्डन-कूगलर यांची उपेक्षा त्यात वारंवार पुढे आली.

‘क्रीड २’ (२०१८, दिग्दर्शक स्टीव्हन केपल ज्युनिअर) अडोनिससमोर इव्हान ड्रागोचा मुलगा व्हिक्टर उभा करतो. ही जुळणी कागदावर जेवढी स्वस्त वाटते तेवढी पडद्यावर नाही, कारण हरल्यावर देशाने आणि बायकोने टाकलेल्या ड्रागोलाही तिथे घर मिळते. ‘क्रीड ३’ (२०२३) जॉर्डनने स्वतः दिग्दर्शित केला. त्यात स्टॅलोन नाही. मालिकेच्या हक्कांवरून त्याचा निर्माते अर्विन विंकलर यांच्याशी जाहीर वाद झाला होता.