ऑक्सिजन नसला की पेशी काय करते?

ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन यातला फरक लिहा, हा प्रश्न सगळ्यांनी पाठ केलाय. ऑक्सिजनवाल्या पहिल्यात एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी (पेशीला एनर्जी पुरवणारे रेणू), ऑक्सिजनशिवायच्या दुसऱ्यात २, झाले मार्क. ३८ चा आकडाही आता जुना झाला, हल्ली ३० ते ३२ धरतात. पण त्या तक्त्यात खरी गंमत राहूनच जाते.

सुरुवात दोन्हीची एकच. ग्लुकोज फुटून पायरुव्हेट होतं, त्याला ऑक्सिजन लागत नाही आणि ते २ एटीपी इथेच मिळतात. फोडताना निघालेले इलेक्ट्रॉन एनएडी नावाचा रेणू उचलतो, आणि पेशीत एनएडी असतो मोजकाच, मग हमालाने पाठीवरचं पोतं उतरवल्याशिवाय दुसरं उचलायचं कसं? ऑक्सिजन असेल तर मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या एनर्जी बनवणाऱ्या भागात, ते इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनकडे जातात, पाणी बनतं आणि वाटेत भरपूर एटीपी मिळतात. नसेल तर आपला स्नायू ते पायरुव्हेटवरच टाकतो आणि लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच रूप) बनतं, यीस्टमध्ये अल्कोहोल. म्हणजे लॅक्टेट बनवून जास्तीची एनर्जी काहीच मिळत नाही, फक्त एनएडी मोकळा होतो!

बरं, लॅक्टेट म्हणजे कचरा असंही नाही. हृदय ते इंधन म्हणून वापरतं, लिव्हर त्याचं परत ग्लुकोज करतं. जिमनंतर दोन दिवसांनी पाय दुखतात त्याचं खापर अजूनही लॅक्टिक ॲसिडवर फोडतात, पण ते तर तास-दीड तासात निघून गेलेलं असतं, दुखतं ते स्नायूंना झालेल्या बारीक इजांमुळे. आणि आपल्या लाल रक्तपेशी बघा, दिवसभर ऑक्सिजन वाहतात पण स्वतःला त्याचा काही उपयोग नाही, कारण त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियाच नसतात.

सगळ्यात भारी केस गोल्डफिश आणि त्याचा युरोपातला भाऊबंद क्रुशियन कार्प यांची. थंडीत तळं गोठतं, खाली ऑक्सिजन संपतो, तरी क्रुशियन कार्प तिथे काही महिने जगतो कारण लॅक्टेट साठू न देता तो त्याचं अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतो. २०१७ मध्ये ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी हे कोणत्या एन्झाइममुळे जमतं ते शोधलं. या माशाच्या १०० मिलि रक्तात ५० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल जातं, आपल्याकडे गाडी चालवायची लिमिट ३० आहे! अर्थात अल्कोहोल बाहेर सोडणं म्हणजे इंधनच फेकून देणं, म्हणून हिवाळ्याआधी तो लिव्हरमध्ये ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजचा, मोठा साठा करतो, आणि बर्फ वितळायच्या आधी तो संपला तर मात्र मासा मरतो.