खाज थांबली की ट्यूब ड्रॉवरमध्ये

हॉस्टेल सोडताना ड्रॉवर रिकामा केला, तेव्हा त्यात मलमाच्या तीन ट्यूब निघाल्या. तिन्ही मधोमध दुमडलेल्या, तिन्ही निम्म्या भरलेल्या. तीन पावसाळ्यांचा हिशेब.

गजकर्ण, म्हणजे नायटा, हा बुरशीमुळे होणारा त्वचेचा आजार हॉस्टेलला नवा नाही. अर्धवट वाळलेली जीन्स तशीच चढवायची, एका दोरीवर सहा जणांचे टॉवेल आणि ‘जरा दे रे तुझा’ म्हणत ते फिरतातही. मग जांघेत गोल चट्टा उठतो, कडेला लाल आणि मध्ये साफ. ही बुरशी त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातलं केराटिन नावाचं प्रथिन खाते आणि खात खात बाहेरच्या बाजूला सरकते. म्हणजे ती सगळ्यात जोमात असते कडेला. आपण मलम चोळतो मध्यभागी, कारण तिथून सुरुवात झालेली असते. डॉक्टर सांगतात ते उलटं: कडेच्या बाहेर 2 सेंटीमीटरपर्यंत, दिवसातून 2 वेळा, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही 2 आठवडे.

हे शेवटचे 2 आठवडेच कुणी पाळत नाही. मीही पाळले नाहीत. खाज येते ती आपल्या शरीराच्या दाहामुळे. औषधाने बुरशी थोडी कमी झाली की दाह ओसरतो, रात्री झोप लागते आणि आपण बरे झालो असं वाटतं. पण वरचा थर पूर्ण बदलायला काही आठवडे लागतात, आणि उरलेली बुरशी त्यातच दडून असते.

मेडिकलमधून नुसतं सांगून आणलेली ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब तर आणखी फसवी. तिच्यात बहुधा क्लोबेटासोलसारखं, दाह दाबणारं जोरदार स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत गायब, बुरशी मात्र मोकाट. गोल कडाही पुसट होते, त्यामुळे नंतर डॉक्टरांनाही चट्टा पटकन ओळखू येत नाही. अशी बरीच स्टिरॉइड मलमं 2018 पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर.

त्यात आता बुरशीही बदलली आहे. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव तिला 2020 मध्ये मिळालं. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. 2023 मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही सापडली. म्हणून हल्ली इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधाच्या कॅप्सूल कित्येक आठवडे घ्याव्या लागतात, त्याही भरल्या पोटी. उपाशी पोटी घेतल्या की अंगी कमी लागतात, ॲसिडिटीच्या गोळीनेही तेच होतं. साडेसातच्या प्रॅक्टिकलसाठी नाश्ता बुडवून पाण्यासोबत कॅप्सूल गिळणारा पोरगा कोर्स पूर्ण करतो, आणि तरी बरा होत नाही.

सगळा दोष पोरांच्या आळसाचा, असं मला वाटत नाही. चौघांच्या खोलीत जांघेला मलम लावायचं कुठे? बाथरूममध्ये, तर बाहेर तिघं दार बडवत असतात. मग घाईत एक बोट फिरवायचं आणि निघायचं.

त्या एका बोटाचा हिशेब डॉक्टरांनी नंतर मांडून दाखवला. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मलमाची रेघ काढली की अर्धा ग्रॅम होतो आणि तो बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतो. माझी जागा चार तळव्यांची. एका वेळी 1 ग्रॅम, दिवसाला 2. म्हणजे 10 ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपायला हवी.

माझी दोन महिने पुरली होती, आणि तरी निम्मी उरली होती.