विरलन पद्धत (सागरी प्लवक)

समुद्रातील वनस्पती प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्रकाशसंश्लेषी जीव) किती वेगाने वाढतात आणि किती वेगाने खाल्ले जातात, हे दोन्ही दर एकाच प्रयोगातून काढण्याची पद्धत. मायकेल लँड्री आणि हॅसेट यांनी ती १९८२ मध्ये मांडली.

खुल्या समुद्रात प्रोक्लोरोकॉकस, सिनेकोकॉकस अशा प्रकाशसंश्लेषी जीवाणूंची संख्या कितीतरी दिवस जवळपास स्थिर दिसते. हे स्थैर्य फसवे आहे. पेशी दुभंगत असतात आणि जवळजवळ तितक्याच वेगाने एकपेशीय भक्षक त्यांना गिळत असतात. प्रोक्लोरोकॉकसची पेशी सुमारे ०.६ मायक्रोमीटरची, भक्षकही बहुधा काही मायक्रोमीटरचेच. शिवाय ते इतके नाजूक की गाळून वेगळे करू गेल्यास फुटतात.

म्हणून भक्षक काढून न टाकता भक्ष्याशी होणाऱ्या त्यांच्या गाठीभेटीच कमी केल्या जातात. ही कल्पना फार सुंदर आहे. समुद्राचे थोडे पाणी ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढून पेशीरहित करतात आणि मूळ पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळतात. बाटल्या २४ तास नैसर्गिक तापमानात व प्रकाशात ठेवतात. विरळ पाण्यातही पेशी आपल्या गतीने वाढते, पण भक्षकाच्या तावडीत कमी सापडते:

दिसणारा वाढदर = खरा वाढदर − (भक्षणदर × मूळ पाण्याचा अंश)

समजा, दोन्ही दर दिवसाला ०.७ आहेत (हे क्षणोक्षणी चक्रवाढीने मोजलेले दर), म्हणजे भक्षण नसते तर संख्या रोज दुप्पट झाली असती. मूळ पाण्यात वाढ शून्य दिसेल; मूळ पाणी चतुर्थांश असलेल्या बाटलीत ०.५२५. हे बिंदू आलेखावर मांडले की रेषेचा उतार भक्षणदर सांगतो आणि उभ्या अक्षावरील छेद खरा वाढदर.

रेषा नेहमी सरळ येतेच असे नाही. भक्ष्य मुबलक असेल तर भक्षकांचे पोट भरते आणि रेषा वाकते. भक्षकांच्या उत्सर्गातून मिळणारी पोषकद्रव्ये विरळ बाटल्यांत घटतात, म्हणून ती वरून घालावी लागतात. केवळ हरितद्रव्य मोजणेही धोक्याचे, कारण प्रकाश बदलला की पेशीतील रंगद्रव्य बदलते. या जीवाणूंसाठी फ्लो सायटोमीटरने (एकेक पेशी लेझर प्रकाशासमोरून नेऊन मोजणाऱ्या यंत्राने) पेशी मोजणे अधिक विश्वासार्ह. विषाणू तर ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतूनही निसटतात. त्यांच्यामुळे होणारे मृत्यू वेगळे काढण्यासाठी विषाणूही अडतील अशा अतिसूक्ष्म गाळणीच्या पाण्याची दुसरी मालिका लावतात.

कॅलबेट आणि लँड्री यांनी २००४ मध्ये जगभरातील असे प्रयोग एकत्र तपासले. वनस्पती प्लवकांच्या दैनंदिन उत्पादनापैकी सरासरी ६० ते ७० टक्के भाग सूक्ष्म प्राणी प्लवक, म्हणजे असे सूक्ष्म भक्षक, फस्त करतात, असे त्यातून दिसले.